आईच्या पिशवीतला कांदा
परवा ढाब्यावर शेजारच्या टेबलावर कुणीतरी बुक्कीनं कांदा फोडला आणि त्या वासासरशी मला देवळ्याच्या सरकारी दवाखान्यातली ती लहानशी खोली आठवली. मला लहानपणापासून फिट यायच्या, म्हणून आई घराबाहेर पडताना पिशवीत एक कांदा ठेवायचीच. फिट आली की तो फोडून माझ्या नाकाशी धरायची. शुद्धीवर येताना मला पहिल्यांदा तोच वास यायचा, आणि तो आला की लाज वाटायची. नाशिकचे डॉक्टर तेव्हा नुकतेच टीव्हीच्या पडद्यावरून तपासायला लागले होते, त्यामुळे दर तीन महिन्यांचा आमचा एसटीचा हेलपाटा वाचला होता. त्या दिवशी नर्सनं माझी फिटांची वही कॅमेऱ्यासमोर धरली. डॉक्टर पानं बघत होते, मधेच त्यांनी विचारलं, "मावशी, हातात काय आहे?" घाबरली की आईची अहिराणी बाहेर यायची. "कांदा शे, साहेब," म्हणत तिनं तो पदराखाली लपवला. आता रागावणार, म्हणून मी मान खाली घातली. ते म्हणाले, "तीन वर्षांत एकही फिट नाही. आता गोळ्या हळूहळू कमी करू. आणि कांद्यानं फिट थांबत नसते, मावशी. तो खाऊन टाका." आईनं कांदा परत पिशवीत टाकला. स्टँडवर आल्यावर मात्र तिनं पिशवीतून कांदा काढून भेळवाल्यापुढे ठेवला. "भाऊ, भेळेत हाच चिरा." तेव्हापासून त्या वासानं मला भूक लागते.