सपाट कड

अकोल्यात टिळक रोडच्या मागच्या गल्लीत शहाजादीचं काच घासण्याचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक टेबल, थेंबथेंब पाण्याखाली फिरणारं चाक आणि गिऱ्हाइकासाठी एक स्टूल. वडील इनायतुल्ला यांच्या हाताखाली ती अकराव्या वर्षी बसली, आज अठ्ठावन्न वर्षांची आहे. शाळा सातवीपर्यंत. हल्ली चष्मेवाले यंत्रावर काचा कापून घेतात, पण अवघड नंबर आला की काच तिच्याकडेच पाठवतात. १९९१ पासून माझे सगळे चष्मे तिनेच बसवले. एकही परत न्यावा लागलेला नाही.

माझ्या धाकट्या दिरांची मुलगी दामिनी अमरावतीला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. दोन वर्षं ती डोक्याला लावायच्या एका हेडसेटवर काम करत होती. आयटीआयमधल्या मुलींनी तो लावून पंपाच्या मोटारीचं वाइंडिंग शिकायचं. कोणत्या खाचेत कोणती तार घालायची, हे डोळ्यांसमोर दिसत राहतं. अडचण एकच होती. अशा हेडसेटमध्ये वस्तू हातभर अंतरावर दिसते, पण तिचा प्रकाश येतो दूरच्या चित्रासारखा. डोळ्यांना एकाच वेळी दोन हुकूम मिळतात आणि कपाळ ठणकू लागतं.

दामिनीने त्यावर उपाय शोधला होता, आणि तो मला तिने एका पोलराइज्ड गॉगलने समजावला. मोबाइलसमोर तो गॉगल फिरवला की एका बाजूला पडदा स्वच्छ दिसतो, आडवा धरला की काळा पडतो. प्रकाशाच्या कंपनाला दिशा असते, म्हणून असं होतं. तिचं भिंग असं, की एका दिशेच्या प्रकाशाला वाकवतं आणि दुसऱ्या दिशेच्या प्रकाशाला तसाच जाऊ देतं. भिंगाच्या थरांतच पुढे एक पातळ पापुद्रा. विजेच्या इशाऱ्यावर तो प्रकाशाची दिशा बदलतो. म्हणजे हातातली मोटार जवळ आणि भिंतीवरचा तक्ता लांब, डोळ्यांना जसं हवं तसं.

पण चाचणीला बसणारी वलगावची प्रतीक्षा पंधराव्या मिनिटाला हेडसेट काढून डोळे पुसायची. गुरुवारी, २४ एप्रिलला शेवटची चाचणी होती. तिने चाळीस मिनिटं हेडसेट लावून काम केलं नाही, तर कॉलेज प्रकल्प बंद करणार होतं.

रविवारी दामिनी माझ्याकडे आली ती रडवेली होऊन. मी तिला उठवलं आणि शहाजादीकडे नेलं. चष्म्याने डोकं दुखलं की अकोल्यात माणसं तिथेच जातात, आणि हाही शेवटी चष्माच.

शहाजादीने हेडसेट उलटसुलट पाहिला. "त्या पोरीचं कुठं दुखते? कपाळ, का डोयाच्या मांगं?"

"डोळ्यांच्या मागे. आणि जवळच्या चित्रामागे फिकं दुसरं चित्र दिसतं म्हणते."

"पह्यल्या दिवसापासून?"

माझ्या डायरीत दामिनीच्या फोनांच्या तारखा होत्या, त्या मी वाचून दाखवल्या. नव्याने जुळणी केली की दोन दिवस बरे जायचे, तिसऱ्या दिवशी तक्रार. तीन वेळा हेच.

"आम्ही तीन महिने प्रोग्रामच दुरुस्त करतोय, खाला," दामिनी म्हणाली.

"बरं. काच पुसता कशी? पुसून दाखव."

दामिनीने मऊ फडकं काढलं आणि अंगठ्याने काच गोल गोल पुसली.

शहाजादी मोठ्याने हसली. "पाहा बाई, एवढी शिकली, अन् पुसते कशी, परात घासून राहिली जशी!" तिने शाईचा एक ठिपका काचेच्या कडेला आणि त्याला लागून दुसरा चौकटीवर दिला. "आता पूस वीसदा."

वीसदा पुसल्यावर दोन ठिपक्यांत तांदळाच्या दाण्याएवढं अंतर पडलं होतं.

"गोल काच फिरते, बेटा. तिरप्या नंबराची काच गोल फ्रेममंदी टाकली का आमाले हाच ताप. काच जराशी फिरली का माणूस डोकं धरते."

दामिनीचा चेहरा उतरला. दिशाच हलल्यावर दोन्ही अंतरांची चित्रं थोडी थोडी एकदम दिसणार, हे तिला लगेच कळलं. "गोंद लावू का?"

"अकोल्याचं ऊन पाह्यलं का? गोंद सुटन. कडेले सपाट घासा लागते. चौकटीतबी तेवढीच पट्टी बसवतो. मंग फिरनच कशी?"

पण काचांची जोडी एकच होती आणि नवी यायला दोन महिने लागणार होते. त्यात काचेच्या थरांमध्ये तो नाजूक पापुद्रा. शहाजादीने आधी एका जुन्या पोलराइज्ड गॉगलची काच चाकाला लावली. कड घासली गेली, पण थर सुटून नखासारखा वर आला.

"राहू द्या, खाला," दामिनी म्हणाली.

"तू बाहेर जाय, च्या पे. तुह्या श्वासानं माहा हात हालते."

दामिनी गेली. शहाजादीने चाक बदललं, बारीक पोताचं लावलं, पाण्याची धार वाढवली. गॉगलची दुसरी काच घासली, ती शाबूत राहिली. मग दामिनीची काच घेतली. दोनदा घासायची, थांबायची, कड बोटाने चाचपायची, पुन्हा दोनदा. दोन काचांना एक तास दहा मिनिटं लागली. पापुद्रा कुठेही सुटला नाही. दामिनी परतल्यावर तिने दिशा जुळवून दिली, शहाजादीने चौकटीत पट्टी बसवली आणि शाईचे नवे ठिपके दिले.

गुरुवारी मी आणि शहाजादी एसटीने अमरावतीला गेलो. प्रतीक्षा मोटार पुढ्यात घेऊन बसली. पंधरावं मिनिट आलं तेव्हा दामिनी खिडकीबाहेर पाहू लागली. प्रतीक्षा तारा घालतच होती. चाळीस मिनिटं झाल्याचं सांगितलं, तेव्हा ती मान वर न करता म्हणाली, "थांबा ना मॅडम, तीन खाचा बाकी हायेत."

मला माझ्या शिकलेल्या पुतणीचा अभिमान होताच. पण त्या खोलीत सगळे टाळ्या वाजवत असताना मी पाहत होते ती शहाजादीकडे. ती टाळ्या वाजवत नव्हती. काच पुन्हा फिरली का, ते ठिपक्याशी ताडून पाहत होती.

प्राचार्यांनी तिला आणखी सहा जोड्या घासून द्यायला सांगितलं, नव्या काचा आल्या की गाडीने अकोल्याला पाठवतो म्हणाले.

"काचा पाठवा," ती म्हणाली, "पण पोरींनाबी पाठवा. ह्या बारी घाई होती. आता ज्याचे डोये मी पाह्यले नाई, त्याले मी काच देत नाई."

काचा अजून यायच्या होत्या, पण पुढच्या रविवारी टिळक रोडच्या मागच्या गल्लीत कॉलेजची गाडी उभी राहिली आणि सहा मुली त्या एका स्टुलावर आळीपाळीने बसल्या.