अण्णांची ड्रेपरी आणि माझी डेम

शनिवार, ७ जून २००८, सकाळी साडेनऊ. सांगली, आमच्या ड्रेपरीच्या दुकानासमोर. हजर: अण्णा, आई, धाकटा भाऊ मिलिंद, मुंबईपर्यंत सोडणारा जीपवाला आणि दीड वर्षांच्या ईराला कडेवर घेतलेली मी. माझा नवरा श्रीकांत महिनाभर आधीच सिंगापूरला बँकेत रुजू झाला होता. सामान: दोन मोठ्या बॅगा, एक पिशवी आणि मेतकुटाचा डबा. हा डबा आईने तीनदा बॅगेत घातला, मी तीनदा काढला. चौथ्यांदा ती जिंकली.

अण्णा म्हणाले, "तिकडे खुर्चीवरची नोकरी बघ, मंजू. मशीनला हात लावू नकोस. हे माझ्यापाशीच संपू दे."

मी मान हलवली. जीप सुरू झाली तेव्हा ते दुकानात परत गेलेसुद्धा होते. त्या सकाळीच कवठ्याच्या मंडळाची पेटी परत आली होती आणि तीत एक मिशी कमी होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ड्रेपरी म्हणजे नाटकांना कपडे, मुकुट, दाढ्या भाड्याने देणारं दुकान. प्रत्येक नाटकाची एक पेटी, पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेली यादी. पेटी परत आली की यादीवर खुणा. मी अक्षरं शिकले ती त्या याद्यांवर, त्यामुळे आजही यादी केल्याशिवाय मला भाजी आणता येत नाही.

गावोगावच्या हौशी मंडळ्यांत काम करायला बायका मिळत नसत. मग स्त्रीपार्ट पुरुषच करत, आणि त्यांना नेसवण्यात अण्णांचा हात धरणारं कोणी नव्हतं. गळ्याची घाटी झाकेल असा दागिना, रुंद खांदे उतरते दिसतील असा पदर, कपडा कुणाच्याही अंगी बसावा म्हणून शिवणीत चार बोटं राखलेलं कापड. त्यांचा एकच नियम होता: "पुरुष दिसला की आपण हरलो." एकदा एका नायिकेला प्रेक्षकांत कोणीतरी हसलं, तर अण्णा दोन दिवस नीट जेवले नव्हते.

सिंगापुरात मी दिलेला शब्द चौदा वर्षं पाळला. बुकित पंजांगला आमचा फ्लॅट, हार्बरफ्रंटला शिपिंग कंपनीत माझी नोकरी, जाता-येता एलआरटी आणि एमआरटीच्या गाड्या. खुर्ची उत्तम होती. खिडकीतून फेरीबोटी दिसायच्या. फक्त मीटिंगमध्ये समोरच्याच्या कोटाची बाही चुकीची बसलेली दिसली की मला पुढचं ऐकू यायचं नाही.

ऑफिसातली मार्गारेट नावाची इंग्रज बाई डिसेंबरात पँटोमाइम बसवायची. ख्रिसमसच्या सुमारास होणारं हे धमाल नाटक: परीकथा, गाणी, प्रेक्षकांचा आरडाओरडा आणि मध्यभागी बाईच्या वेशातला एक धिप्पाड पुरुष. त्याला डेम म्हणतात. २०२२ साली तिची शिवणारी बाई ऐन वेळी आजारी पडली. मार्गारेटने पँट्रीत सगळ्यांना विचारलं, "कोणाला शिवता येतं?" माझा हात वर गेला. मी तो वर केला असं म्हणणार नाही, तो गेला.

डेमचं काम करणारा डेसमंड सहा फुटी, मानेने बैलासारखा, दिवसा शाळेत गणित शिकवणारा. मी तीन आठवडे संध्याकाळी खपले. जांभळ्या रेशमाचा झगा, गळ्याशी लेस, उतरते खांदे, कमरेला चुण्या. रंगीत तालमीला तो स्टेजवर आला आणि सगळे गप्प झाले. मला वाटलं, जिंकलो.

डेसमंडने आरशात पाहिलं आणि इथल्या सगळ्यांसारखं वाक्याच्या शेवटी 'लाह' जोडत म्हणाला, "आंटी, मी फार सुंदर दिसतोय लाह. माझ्या आईला दाखवलं तर ती माझं लग्न ठरवेल."

मार्गारेट म्हणाली, "मंजू, अप्रतिम. आता कोणी हसणार नाही."

मला समजेना. हसू नये म्हणूनच तर सगळी धडपड. मग तिने समजावलं: डेममध्ये पुरुष दिसलाच पाहिजे. मिशीची सावली, दंडाचे स्नायू, मोठाले पाय, सगळं. आत बाप्या आहे हे पोरासोरांना कळतं आणि तरी तो बाईच्या तोऱ्यात चालतो, त्याचंच हसू. सांगलीच्या ड्रेपरीवाल्याच्या मुलीशिवाय ही चूक दुसऱ्या कोणी केली नसती.

हातात तीन दिवस होते. खांद्यांवर फुगे लावून ते दारात अडकतील इतके रुंद केले. बाह्या कापून टाकल्या. मागच्या बाजूला हॉकर सेंटरमधल्या, म्हणजे इथल्या खाऊगल्लीतल्या, टेबलाएवढा गोल सपाट घेर उभारला आणि त्यावर टिश्यूची पाकिटं शिवली. इथे जेवायला जाताना लोक टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवतात. पाकीट दिसलं की जागा घेतलेली, कोणी बसायचं नाही. डेसमंड पहिल्या प्रयोगात प्रेक्षकांकडे पाठ करून नुसता उभा राहिला आणि नवरा शोधणाऱ्या त्या डेमच्या पार्श्वभागावरची पाकिटं बघून नाट्यगृह हशाने कोसळलं. मी विंगेत सुई दातात धरून उभी होते. इतके लोक मी शिवलेल्या कपड्याला हसत होते आणि मला जेवण गोड लागणार होतं.

मार्चमध्ये राजीनामा दिला. आता तीन नाट्यसंस्थांचं काम करते. आमच्या गणपतीला एक ओळखीची म्हणाली, "अगं, टेलरिंग? पीआर आहेस ना तू, इथे कायमची? काही अडचण आहे का घरी?" मी म्हटलं, अडचण आहे, जागेची. बेडरूममध्ये सध्या एक ड्रॅगन आहे.

अण्णांना मी फोनवर स्वतः सांगितलं. मशीनवर बसते हे त्यांनी ऐकून घेतलं. काय शिवते हे सांगितल्यावर त्यांचा आवाज बदलला.

"बाईच्या वेशातल्या पुरुषाला लोक हसतात?"

"हो."

"आणि हसावं म्हणून तू शिवतेस?"

"हो, अण्णा."

"आईशी बोल," म्हणाले आणि फोन आईकडे दिला. त्यानंतर दोन वर्षं ते माझ्याशी सांगलीच्या उकाड्याबद्दल बोलतात, कृष्णेच्या पाण्याबद्दल बोलतात. कामाचा शब्द नाही.

मी माफी मागितलेली नाही आणि मागणार नाही. शब्द मोडला, तो विचार करून मोडला. अण्णांना वाटतं, मी त्यांच्या कामाची टिंगल करते. मला वाटतं, सरळ झगा कसा पडतो हे ज्याला कळतं, त्यालाच वाकडा झगा नेमका वाकडा पाडता येतो. माझ्या प्रत्येक शिवणीत चार बोटं कापड राखलेलं असतं. ते मला सिंगापुरात कोणी शिकवलं नाही. तुमच्यापैकी जे तिकडे राहिले आणि जे माझ्यासारखे निघाले, त्यांना मला एवढंच सांगायचंय: शिकलेलं काम घरी ठेवून निघता येत नाही, मी चौदा वर्षं करून पाहिलं. घर कुठलं असं आता कोणी विचारलं तर मी पत्ता सांगत नाही. जिथे जमिनीवर टाचण्या सांडलेल्या असतात आणि त्याबद्दल कोणाला सॉरी म्हणावं लागत नाही, ते.

या डिसेंबरात आई-अण्णा पहिल्यांदा इथे येतायत. आईने आधीच कळवलं, "ते येतील, पण नाटकाला येणार नाहीत, आग्रह करू नकोस." मी आग्रह केला नाही. दोन तिकिटं मात्र काढून ठेवली.

यंदा शेवटच्या प्रवेशात डेम मोर होऊन येतो. डेसमंडने दोन्ही हात वर केले की बाह्यांचे पंख उघडायला हवेत. पण हात वर गेला की अख्खी चोळी वर सरकते आणि त्याचं पोट बाहेर येतं. मी चार वेळा उसवलं. शेवटी ईरा वैतागली. ती आता अठराची आहे, आजोबांशी इंग्रजीतच बोलते आणि ते मराठीत उत्तर देतात. "मम्मा, आजोबा नोज. जस्ट आस्क लाह." मी बाहीचा फोटो मिलिंदच्या फोनवर पाठवला. खाली एकच ओळ लिहिली: अण्णांना विचार, ओढ कुठून येतेय. डेमचा उल्लेख केला नाही, पण फोटोत टिश्यूच्या पाकिटांचा जुना झगा मागे टांगलेला स्पष्ट दिसत होता. तो मी काढला नाही.

पाच दिवस काही नाही. सहाव्या दिवशी आईचा फोन.

"अगं, हे विचारतायत, त्या माणसाची छाती किती?"

"अठ्ठेचाळीस."

मागून अण्णांचा आवाज आला, आईसाठी असल्यासारखा, पण मला ऐकू जाईल इतका मोठा. "छातीचं राहू दे. तो आधी कुठला हात उचलतो ते विचार. दोन्ही एकदम कोणी उचलत नाही. जो आधी जातो त्याच्या काखेत जास्त कापड द्यायचं. आधी माणूस बघायचा, मग कापड. एवढं कळू नये?"

मला ते माहीत नव्हतं. तीन वर्षं त्या माणसाचे कपडे शिवतेय आणि मी ते पाहिलेलं नाही.

डेसमंड शाळेच्या मुलांना घेऊन पुलाउ उबीन बेटावर कॅम्पला गेलाय, मंगळवारी येतो. यादीत बाकी सगळ्यावर खुणा झाल्या आहेत. एक ओळ राहिली आहे: डेसमंड, आधी कुठला हात? बघणे आणि अण्णांना कळवणे.