चहा न ढवळणारा मेहुणा

माझ्या बायकोच्या थोरल्या भावाने जन्मात एकदाच चहा ढवळला. जमिनीखालच्या पाण्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करून त्याला ढवळणं म्हणजे पापच वाटायला लागलं होतं. साखर तळाशी, आणि हा वरचा बेचव चहा मिटक्या मारत पिणार. भातावर वरण वाढलं की कालवायचा नाही, शितांतून झिरपताना बघत बसायचा. "वाळूतलं पाणी असंच जातं, भाऊजी. दोन पाणी जिथे भेटतात ना, तिथेच जंतू जेवायला बसतात." मी घाई केली की एकच हिब्रू शब्द, "सावलानूत!" म्हणजे धीर धरा. जेवण तोवर थंडगार!

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस किर्यात गात शहराजवळच्या आमच्या शेतकरी वस्तीत विहिरीच्या पाण्यात खतांतलं नायट्रेट वाढलं. लेकीचं पहिलं बाळंतपण तोंडावर आलेलं, आणि डॉक्टरीण म्हणाली, "या पाण्यावर तान्हं बाळ आणू नका." बायकोने आम्हा मराठी ज्यूंच्या रिवाजाप्रमाणे, नवसाला पावणाऱ्या प्रेषित एलियाहू हन्नाबीला मलिद्याचा नवस बोलला. मेहुण्याने विहिरीशेजारच्या बोअरमध्ये काकवी सोडायला सांगितली. जंतू काकवी खातील आणि नायट्रेटचा फडशा पाडतील, म्हणाला. पण रोज एकच तांब्या, वर थेंब नाही!

हिला कसलं राहवतंय? "पाहुण्यांना काय मोजून वाढतात?" म्हणत तिने अख्खा कॅन ओतला. चौथ्या दिवशी बोअर तुंबली. जंतू इतके माजले की वाळूच्या फटी बुळबुळीत होऊन बसल्या, पाणी उतरेना. ही ढसाढसा रडली. "लेकीचं माहेरपण मीच घालवलं, दादा!"

तो रागावला नाही. "अगं, तुझ्या आग्रहापुढे माणसं टिकत नाहीत, जंतू काय टिकणार?" त्याने काकवी बंद केली, बोअर धुऊन काढली आणि पुन्हा तांब्यावर आला. सहा आठवडे आम्ही कसे काढले ते आमचं आम्हाला ठाऊक.

पाणी तपासल्याचा अहवाल आला तो लेकीच्या ऐन नवव्या महिन्यात. त्याने दोनदा वाचला. "बोलाव गं पोरीला," एवढंच म्हणाला, आणि चमचा उचलून चहा असा ढवळला की निम्मा बशीत सांडला. हुश्श! मलिद्याला त्या दिवशी सगळी वस्ती जेवली.

आता तो नाही. नातू त्याच विहिरीचं पाणी पितो आणि माझ्या मराठीला हिब्रूत उत्तरं देतो. मी मात्र चहा ढवळत नाही. शेवटचा घोट गोड लागतो, आणि मेहुण्याची फार आठवण येते.