टिचकीवाला

त्या माणसाचं नाव विचारलं नाही, म्हणून माझा आजही जळफळाट होतो. शिव्या घालायच्या तरी कुणाच्या नावाने?

अठ्ठ्याऐंशी साली बोटीवरच्या मेहुण्याने आम्हाला कॉम्प्युटर आणून दिला. मोटारींच्या शर्यतीत बायको मला रोज हरवायची, आणि मी खापर मशीनवर फोडायचो. शेवटी रत्नागिरीतल्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात नवा प्रोसेसर घ्यायला गेलो. दोन होते: एक जरा वेगवान, दुसरा फारच. शेजारी बिघडलेला रेडिओ मांडीवर घेऊन बसलेला हा गृहस्थ न विचारता पुढे सरकला. फणस वाजवावा तशी त्याने दोन्ही खोक्यांवर टिचकी मारली, कान लावला आणि फारच वेगवान होता तो उचलला.

"हा घ्या. तो कोवळा आहे."

आणि मी शहाण्याने घेतला!

घरी खेळ लावला. त्या काळच्या खेळांत प्रोसेसर जितका वेगवान, तितकी मोटार सुसाट. माझं बोट हलायच्या आत ती भिंतीवर!

तणतणत दुकानात परतलो. स्वारी तिथेच.

"मोटार पळते ना?"

"पळते! आवरत नाही!"

"मग फणस तयारच निघाला की हो. खाणारा कोवळा, त्याला मी काय करू?"

दार आपटत घरात शिरलो. बायको त्याच सुसाट मोटारीने तिसऱ्या फेरीत होती.