अर्ध्यावर तोडलेलं आवतण

"मेन आयटम घ्या," साहेब म्हणला.

आबा, माझे वडील, तवा तुळजापूरच्या देवीला आवतण देऊन राहिले होते. डोळे मिटलेले. कंबरेला संबळ, गळ्यात कवड्यांची माळ. त्यांना काही ऐकू गेलं न्हाई. मी मागं तुणतुणं धरून उभी होते. मला ऐकू गेलं. आबांच्या मागून सूर ओढायचा, ती झील धरायची होती, पर मी साहेबाकडंच बघत राहिले.

"नावं घेणं पुरे आता. कला दाखवा, कला."

समोर लांबडं टेबल. पल्याड साहेब, एक मॅडम, आन् आमचे सर. सर म्हणजे ज्यांच्या क्लासच्या मेसात मी पोळ्या लाटायची ते. बाहेर व्हरांड्यात जिल्ह्यातले म्हातारे कलावंत फरशीवर बसलेले. कुणी चाकूरचा भजनी, कुणी शिरूर अनंतपाळचा शाहीर. सरकार म्हाताऱ्या कलावंतांना महिन्याचं मानधन देतं. अर्ज करायचा, मग कमिटीपुढं उभं राहून आपण कलावंत हावोत हे पटवून द्यायचं. जल्मभर वाजवलं ते धरत न्हाईत. तिथं वाजवायचं.

आमी गोंधळी. घरात लगीन झालं की देवीचा गोंधळ घालायला आमाला बोलावतेत. आधी तांदळाचा चौक मांडायचा, दिवटी पेटवायची. मग देवींना आवतण. तुळजापूर, माहूर, कोल्हापूर, अंबाजोगाई, मग आजूबाजूच्या शिवारातल्या, आन् सगळ्यात शेवटी आपल्या गावची. ती आली की मगच कथा. पहाटं आरती करायची आन् ज्यांना बोलावलं त्यांना मानानं माघारी धाडायचं. पाहुणा बोलवावा आन् त्याला दारात सोडून आपण निघून जावं, असं आमच्यात करत न्हाईत. कुणातच करत न्हाईत.

आबांना दुसऱ्या रीतीनं वाजवताच येत न्हवतं. चूक म्हणायची तर ही त्यांची चूक. दिवटी पेटवायला शिपायानं मनाई केली, खाली गालिचा हाय म्हणला. तवाच माघारी फिरायला पायजे होतं. आबांनी न पेटलेली दिवटी भिंतीला टेकवली, भुईला हात लावून कपाळाला लावला आन् आवतण सुरू केलं.

साहेब बोलला तरी ते थांबले न्हाईत. माहूर झालं. कोल्हापूर झालं. मॅडम कागदं चाळू लागल्या. अंबाजोगाई झाली, शिवारातल्या झाल्या. आता आमच्या गावच्या देवीचं नाव घ्यायचं म्हणून आबांनी श्वास भरला, आन् साहेबानं टेबलावरची घंटी दाबली. शिपाई आत आला आन् त्यानं आबांच्या खांद्यावर हात ठेवला. संबळाची वाकडी काडी वरच्या वर राहिली.

"हे तर मागून खाणाऱ्यांचं गाणं," साहेब म्हणला. "यात कला कोणती? कधी स्टेजवर कार्यक्रम केलाय का तुम्ही?"

आबांनी सरांकडं बघितलं. मी पण बघितलं.

सर म्हणले, "हे आमच्या क्लासच्या गेटवर वाजवतात. स्टेजवर नाही कधी."

गेटवर उभं कुणी केलं होतं, ते आता सांगते.

भूकंपात आमचं गाव झोपेतच मातीत गेलं. दगडमातीच्या भिंती, वर माळवद. माझा भाऊ गेला. तोच आबांचा झीलकरी, तुणतुणं त्याच्या हातात असायचं. गावच्या देवीचं देऊळ पडलं. जत्रंत मिळालेले फेटे, शाली, एका पाटलानं दिलेलं चांदीचं कडं, एक फोटो, सगळं त्याच ढिगात. पुढं सरकारनं लांब माळावर नवं गाव बांधून दिलं. सरळ गल्ल्या, एकसारखी घरं, आपलं कुठलं ते कळंना. देवी तिथं आली न्हाई. जुन्या गावठाणात बाभळीखाली तिचा शेंदराचा दगड तेवढा उरला. आबा म्हणायचे, "गाव हाललं, पर तिला कुणी इचारलं न्हाई."

पोटासाठी आमी लातूरला आलो. तवा लातुरात क्लासचं पीक आलं होतं. गल्लीगल्लीत बोर्ड, बोर्डावर नंबरात आलेल्या पोरांचे फोटो. नांदेडकडून, पार किनवट-इस्लापूरकडून पोरं यायची, खोल्या करून राहायची. मला सरांच्या मेसात काम लागलं. पोरं मावशी म्हणायची. आबा लग्नसराईत गोंधळ घालायचे, मी भावाचं तुणतुणं धरायची. बाईनं तुणतुणं धरलं म्हणून आमच्यातले लई बोलले. पर दुसरं होतं कोण धरायला?

मानधनाचा अर्ज केला तर पुरावा मागितला. आबांपाशी पुरावा म्हणजे काडी धरून बोटाला पडलेला घट्टा. मी सरांना इचारलं, ते कमिटीवर होते. लई गोड बोलले.

"अहो बाई, माझ्या शब्दावर काम होतंय. गुणवंतांच्या सत्काराला आबांना आणा. संबळ वाजवू द्या. मग कमिटीत मी सांगतो ना, मोठा कलावंत आहे म्हणून."

आबांनी झगा धुवून घेतला. कवड्या तेलानं पुसल्या. मला इचारलं, "चौक कुठं मांडायचा गं माय? स्टेजवर का खाली?" स्टेजवर सोफे लावले होते. सरांनी त्यांना गेटवर उभं केलं. गाड्या येऊन राहिल्या, आबा उन्हात वाजवून राहिले. एका पालकानं त्यांच्या तळहातावर चिल्लर ठेवली. आबा माझ्याकडं बघून म्हणले, "ह्यो काय समजला आपल्याला?" मी म्हणलं, "जाऊ द्या आबा. आपलं काम व्हायचंय." आत टाळ्या चालल्या होत्या. गेटवर आमाला पाणी इचारायला कुणी आलं न्हाई.

त्याच गेटाचं नाव सरांनी कमिटीत घेतलं. आन् मी गप उभी. काय बोलणार? सकाळी त्यांच्याच मेसात पीठ मळायला जायचं होतं. तुणतुणं छातीशी धरून आमी बाहेर आलो. पुढचा नंबर आत गेला.

आबा पायऱ्यांवर बसले. मला वाटलं, अर्ज गेला म्हणून बसलेत. मी म्हणलं, "होईल की पुढच्या साली."

"माय, त्या समद्या आत हायत."

"कोण?"

"बोलावलं ज्यांना त्या. आरती झाली न्हाई. माघारी कुठं धाडल्या आपण?"

"आबा, ते हापिस हाय. हापिसात देवी कशाला येती?"

"बोलावलं की येते. ती जागा बघत न्हाई, बोलवणारा बघते." मग म्हणले, "आन् आपली तेवढी बोलवायची राहिली. दुसऱ्या येऊन ताटकळल्या, आपली तिकडं बाभळीखाली वाट बघून राहिली."

मला तवा राग आला होता, त्यांचाच. इज्जत गेली त्याचं काही न्हाई, आन् हे देवींचं घेऊन बसलेत. घरी येईस्तोवर मी त्यांच्या पुढं पुढं चालले.

दुसऱ्या दिवशी आबा नारळ घेऊन त्या हापिसात गेले. फकस्त आरती करू द्या म्हणले. शिपाई म्हणला, "आरती करायला हे काय देऊळ हाय का? हॉल कमिटीपुरता उघडतेत. पुढच्या साली अर्ज करा." आबा पुन्हा गेले. पुन्हा गेले. जिन्याखाली बसायचे, सांजच्याला उठून यायचे. नारळ तसाच वाळला.

लग्नसराई आली. सुपारी घेऊन माणसं आली, आबांनी माघारी लावली. एक गोंधळ उघडा असताना दुसरा घालत न्हाईत, आन् जिथं मांडला तिथंच आवरायचा, असा आमच्यात रिवाज हाय. संबळ खुंटीला गेला. मी लई भांडले. खायचं काय, इचारलं. आबा म्हणले, "भूक कळती गं माय. पर मी वाजवलं तर ते खोटं वाजंल."

मी सरांपुढं पुन्हा हात जोडले. म्हणलं, पुढच्या कमिटीला आबांना तेवढं बोलवा, मानधन नका देऊ. सर म्हणले, "बघू. आधी यंदाच्या सत्काराला गेटवर आणा त्यांना." आबा संबळाला हात लावायला तयार न्हाईत. आता सांगा काय करायचं? आत जायचं तर गेटवर वाजवायचं. गेटवर वाजवायचं तर आधी आतलं आवरायचं. आमी मधीच अडकलेलो. सरकारात कुणाला जाऊन सांगू हे, आन् कुठल्या तोंडानं?

आबा उन्हाळ्यात गेले. शेवटच्या दिवसांत बोलणं बंद झालं होतं. उजवा हात तेवढा गोधडीवर हालायचा, आवतणाच्या ठेक्यात. एका जाग्यावर येऊन थांबायचा, पुन्हा पहिल्यापासून. कुठं थांबतो ते मला कळायचं. मला कळायचं, आन् मला काही करता येत न्हवतं. मी तो हात धरून बसायची.

दिवस झाले आन् मी मेसात कामावर गेले. सर सैपाकघरात कधी यायचे न्हाईत. त्या दिवशी दारात आले.

"वाईट झालं. भला माणूस होता," म्हणले. "बाई, यंदा सत्काराला मंत्री येणार आहेत. तुमच्यातलं कुणी असलं तर पाठवा गेटवर. नाहीतर तो संबळ तरी आणून द्या. आपला एक पोरगा ड्रम वाजवतो, तोच झगा घालून उभा राहील. लोककला दिसली पाहिजे, बस."

माझे हात पिठात होते. आतून काहीतरी चढत आलं, इतक्या दिवसांचं. पर आवाज शांत निघाला. माझा मलाच नवीन वाटला.

"सर, आमचा संबळ गेटवर येणार न्हाई."

"म्हणजे?"

"म्हणजे न्हाई."

"पुढं कधी अर्ज करायचा असेल ना तुम्हाला? कमिटीवर मीच आहे."

"करणार हाय. तुमच्या शब्दावर न्हाई."

तव्यावरची पोळी काढली. गॅस बंद केला. हात धुतले आन् निघाले. मागं तो काय म्हणला ते मी ऐकलं न्हाई. वर्गात कुणीतरी माईकवर गणित शिकवून राहिलं होतं.

त्यानं काही मिळालं का? न्हाई. काम गेलं तेवढं. दुसऱ्यांच्या मेसात लाटलं, धुणी धुतली. नांदेडला जाऊन संबळ नव्यानं मढवून आणला. घरात दार लावून शिकले, कानात आबांच्या हाताचा ठेका होता तसा. बाईनं संबळ बांधू न्हाई, असं आमच्यातलेच म्हणले. मी बांधला. पर सुपारी एकाही लग्नाची घेतली न्हाई. उघडा गोंधळ आता माझा होता. कमिटीपुढं जायला अर्ज लागतो, अर्जाला वय लागतं. म्हातारं होण्याची वाट बघितली मी. लोक तरुण राहायला धडपडतेत, मी केस पिकायची वाट बघत बसले.

आता बसले वयात. अर्ज केलाय, बोलावणं आलंय. थोडक्यात सादर करा, असं सांगितलंय. मी जाऊन बघून आले. हॉल तोच हाय. गालिचा बदललाय, टेबल तिथंच, घंटी पण हाय. सर आता कमिटीवर न्हाई. त्याचा पोरगा हाय. क्लास पण तोच बघतो.

मी तुळजापूरपासून सुरू करणार न्हाई. त्या समद्या तिथंच हायत, आबांनी बोलावलेल्या, ताटकळलेल्या. मी थेट आमच्या गावच्या देवीचं नाव घेणार. मग कथा. मग आरती. घंटी वाजवा, शिपाई बोलवा, मानधन द्या न्हाईतर नका देऊ, ते तुमचं तुमी बघा. समद्या माघारी जाईस्तोवर मी तिथून हालणार न्हाई. हालवायचं तर उचलून न्यावं लागंल, आन् उचलतानाही मी म्हणतच राहणार.

आन् या बारीला दिवटी पेटवणार. काडेपेटी आत्ताच पदराला बांधून ठेवलीय.