गालावरचा लेप

वाण्याला यादी वाचून दाखवताना लवंगांचा वास आला आणि सोलापूरची आमची खोली आठवली. आईच्या उजव्या गालात अशी कळ यायची, की घास चावता येईना. लवंगेच्या तेलानं गाल नुसता भाजायचा. उतार पडायचा तो अफूच्या लेपानं. एका सकाळी तिनं घरातली शेवटची अफूची गोळी उगाळून गालाला लावली. आजी म्हणाली, "लेकराला काय देऊ आता? आपण दोघी गिरणीत गेल्यावर ते निजंल कसं?" "आज मी ऱ्हाते की घरी, आत्याबाई." "ऱ्हा. उद्या तुझी जागा दुसरीला मिळंल." आजीनं आईच्या गालावरचा लेप बोटानं निपटला आणि पाळण्यातल्या भावाला चाटवला. भोंगा झाला तशी आई गालाला लवंगेचं तेल चोळून निघाली. माझ्या मसाल्यात लवंग नसते; कुणी विचारलं तर आवडत नाही म्हणते.