उसवलेला रस्ता

आमच्या घरात छप्पन सालापासनं देव न्हाईत. वडिलांनी धम्म घेतला तेव्हा मी विशीचा पोरगा होतो. देवच मानला न्हाय तर भूत कुठनं मानणार? अंगात आलेल्या बायांना बघून मी तोंडावर हसलोय. शिक्षण चौथी. जन्म गेला साखर कारखान्याच्या जीपवर. तेव्हा जसं घडलं तसं लिहितो. पटत नसेल तर पान उलटा.

गाव कळंब, तालुका इंदापूर. चौऱ्याण्णवच्या सुरवातीला मी रिटायर झालो आणि आमची मंडळी — शेवंता — मागं लागली. "जलमभर सायबांना फिरवलंत. आता मला न्या."

कुठं? तर इंदापूरची गढी, मग पळसदेवचं देऊळ — उजनीच्या पाण्यात गेलेलं, उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं ते — आणि शेवटाला यवतच्या डोंगरावरचं भुलेश्वर.

"आपल्यात देव न्हाईत आन् तू देवळं बघाया निघालीस?"

"पाया कोण पडतंय? नक्षी बघायची. दगड काय देवानं फोडला व्हय? आपल्यासारख्यांनीच फोडला की."



तिला वाचता येत नव्हतं. संध्याकाळी मी रस्ता सांगायचो, ती तो वाकळंवर शिवून घ्यायची. निळ्या लुगड्याची वाकळ, त्यावर पांढऱ्या दोऱ्याचा रस्ता. गाव आलं की चिंधीचं ठिगळ — इंदापूर लाल, पळसदेव हिरवं. बाया बघायला आल्या की म्हणायची, "हात लावू नगा, नकाशा हाय आमचा."

एक दिवस बघतो तर इंदापूर आणि पळसदेवच्या मधी तिनं दोरा नदीकडं वळवलेला. तीन वळणं, दुसऱ्या वळणापुढं एक जाड गाठ, आणि मग परत हमरस्त्याला.

"हे काय? सोलापूर रोड हाय तो. तीस वर्सं चालवलाय मी. तितं वळण कुठलं?"

"असू द्या की. हितनंच जायचं."

"तुला काय कळतंय रस्त्यातलं?"

आणि मी दाढीचं ब्लेड घेऊन तेवढा दोरा उसवला. ती भांडली न्हाय. "उसवा. भोकं ऱ्हातील," एवढंच म्हणाली. पण तिथं परत टाका घातला न्हाय. रस्ता तुटला तो तुटलाच. मी पण उन्हाळाभर ढकललं — ऊन लई हाय, पुढल्या साली जाऊ.

थंडीत तिला न्युमोनिया झाला. आठ दिवसांत गेली.

वैशाखात, बुद्धपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, आमची लेक सुमन म्हणाली, "आबा, आईचं फिरणं तेवढं पुरं करू." ती वडगाव निंबाळकरला दिलेली, त्यासाठी मुद्दाम आली होती. शेजारच्या तात्यांची जीप घेतली. वाकळ सुमनच्या मांडीवर.

गढी बघून हायवेला लागलो. सकाळचे साडेनऊ असतील. पळसदेवच्या जरा अलीकडं लाल झेंडी. वढ्यावरची मोरी खचलेली. डायव्हर्जन उजव्या हाताला, नदीच्या बाजूला — ऊस तुटून गेलेल्या रानातनं बुलडोझर फिरवून काढलेला कच्चा रस्ता.

झेंडीवाल्याला विचारलं, "कवा काढला रं हा?"

"काल सांजच्याला, आबा. दमानं जावा, तीन वळणं हाईत."

गाडी खाली घातली. सुमननं वाकळ उघडली, उसवलेल्या जागी भोकांवर बोट ठेवलं.

"आबा... बघा."

"समोर बघू दे मला."

पहिलं वळण. तिचं बोट वळलं, जीप वळली. दुसरं वळण. पुढं उंचवट्यावर एकच कडुनिंब. गाठीच्या मोठ्या भोकावर तिचं बोट थांबलं आणि मी ब्रेक मारला.

खाली उजनीचं पाणी उतरलेलं, आणि लांब पळसदेवच्या देवळाचं शिखर वर आलेलं. तीस वर्सं त्या बाजूनं गेलो, पण ते असं कधी दिसलं नव्हतं.

आवाज न्हाय, वास न्हाय, काटा आला न्हाय. उलट लई दिवसांनी भूक लागली. सावलीत भाकरी खाल्ली. मग पळसदेव, भुलेश्वर सगळं केलं. नक्षी सुमननं हात लावून बघितली.

शेवंता त्या रानात कधी गेली नव्हती. आणि तिनं टाका घातला तेव्हा तिथं रस्ताच नव्हता, ऊस होता. मोरी दुरुस्त झाल्यावर मालकानं ते रान नांगरून पण टाकलं. शाळेतले मास्तर म्हणतात योगायोग. असंल.

फिरून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी ओट्यावर वाकळ आणि सुई-दोरा घेऊन बसलो. तिच्या भोकांतनंच दोरा घातला, नवं भोक एक बी पाडलं न्हाय. टाके वाकडे आलेत.

तिला कसं ठाऊक होतं, ते अजून सांगता येत न्हाय. तिला तरी सांगता आलं असतं का, कोण जाणे. "का वळवलंस गं?" एवढं मी विचारलंच न्हाय... ब्लेड काढलं.